डबीतलं काळं बी

माय, तुझी डबी मी परवा मुदखेडला देऊन आलो. आपल्या छोटीनं मागितली होती. तिची लेक आता पाच वर्षांची आहे आणि तिला श्वास लागतो, मला लागायचा तसाच. छातीत मांजर बसल्यासारखी घुरघुर, आणि खांदे कानापर्यंत वर. डॉक्टरांनी तोंडानं ओढायचा फवारा दिला आहे, पण छोटीच्या सासूबाईंना वाटतं की फवाऱ्याची सवय लागते. म्हणून छोटीचा फोन आला. म्हणाली, "दादा, माईची डबी तुझ्याजवळच हाय ना? तू त्याच्यावरच बरा झालास की. फवारा बंद करून तेच देऊन बघतेत म्हनलेत घरचे." मी हो म्हणालो आणि मग पंधरा दिवस डबी दिली नाही. त्या पंधरा दिवसांत काय झालं आणि परवा मी काय केलं, ते तुला सांगायचं आहे. पण आधीचं सांगितल्याशिवाय ते नीट लागणार नाही.

डबी तीच, ॲल्युमिनियमची, झाकणाला पोचा आलेली. झाकण अजूनही नखानंच उचलावं लागतं. वर डिंकानं चिकटवलेली चिठ्ठी आहे आणि तिच्यावर माझ्या आठव्या वर्षीच्या अक्षरात 'कलौंजी' असं लिहिलं आहे. भूकंपात गाव पडलं, बाबा गेले, आणि तू, मी आणि तान्ही छोटी असे आपण तिघं पत्र्याच्या शेडात राहायला आलो, त्या हिवाळ्यातली ती चिठ्ठी. तू मला मांडी घालून बसवतेस, पाटी मांडीवर, पाटीवर कागद, आणि म्हणतेस, "नीट लिही. वाचनाऱ्याला कळावं." मी विचारतो, वाचणार कोण. तू म्हणतेस, "तू हाईस की." बाहेर सगळीकडे धूळ आहे. पडलेल्या घरांची माती रोज कुणीतरी उकरत असतं, आणि वारा सुटला की ती शेडात येते, भाकरीवर बसते. मला पहिल्यांदा श्वास लागला तो त्याच धुळीनं. तेव्हा शेजारच्या शेडातल्या खाला आल्या होत्या, पदराच्या गाठीत काळं बी बांधून. भाजून, कुटून, गुळात कालवून सकाळी अनशापोटी एक चिमूट द्यायची, असं त्यांनी तुला सांगितलं. पहिल्या दिवशी ते इतकं कडू आणि तिखट लागलं की मी थुंकलो. तू माझ्या पाठीत एक धपाटा घातलास, आणि तोच हात मग बराच वेळ पाठीवरून फिरवत राहिलीस.

मी आता नांदेडात असतो. अकरावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, पण शुद्धलेखन सुटलं नाही, आणि त्यावरच पोट भरतं. एका छापखान्यात संगणकावर मजकूर जुळवतो. लातूरसारखेच इथंही आता गल्लीगल्लीत क्लास निघाले आहेत. त्यांच्या नोट्स, प्रश्नसंच, पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो घातलेले फ्लेक्स, सगळं माझ्या हाताखालून जातं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला कागद माझ्याकडून बाहेर गेला तर मला झोप येत नाही. मालक हसतात. म्हणतात, "अरे, फ्लेक्स वाचतंय कोण? फोटो बघतेत लोकं." मी तरी तपासतो.

दोन महिन्यांपूर्वी एक व्यापारी आला. कलौंजीच्या पुड्या आणि तेलाच्या बाटल्या विकतो. त्याला पत्रक हवं होतं, पुढच्या बाजूला कलौंजीत काय असतं आणि मागच्या बाजूला तिचे फायदे. माय, ते काम मी इतक्या आवडीनं केलं की काय सांगू. त्यानं आणलेल्या कागदांवर मी थांबलो नाही. वाचनालयात जाऊन शेतकी आणि आहारशास्त्राची पुस्तकं काढली. तेव्हा कळलं की त्या एवढ्याशा दाण्यात तिसऱ्या हिश्श्याएवढं किंवा त्याहूनही जास्त तेल असतं, आणि त्यातलं बरंचसं शरीराला बाहेरूनच घ्यावं लागतं अशा जातीचं असतं. पाचव्या हिश्श्याच्या आसपास प्रथिनं. शिवाय तंतू, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त. तिचा तो उग्र वास ज्या उडून जाणाऱ्या तेलाचा, त्यात थायमोक्विनोन नावाचा एक पदार्थ असतो. सूज कमी करायला, श्वासनळ्या सैल व्हायला त्याचा काही उपयोग होतो का, याचा अभ्यास चालू आहे. काही छोट्या अभ्यासांत थोडा फरक दिसला, पण औषधाची जागा ती घेऊ शकत नाही, असंही तिथं स्पष्ट लिहिलं होतं. मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. उतरवताना सारखं वाटत होतं, हे मला तेव्हा माहीत असतं तर मी तुला सांगितलं असतं. तू मला चिमटीत काय देतेस ते मी तुला वाचून दाखवलं असतं.

त्या भरात मी त्या व्यापाऱ्याला आपली गोष्ट सांगितली. तो खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "हेच छापू की साहेब. तुमचा फोटो, तुमचं नाव. लहानपणीचा दमा मुळासकट गेला. आईची डबीपण फोटोत घ्या, लोकांना भारी वाटते." मला भरून आलं आणि मी हो म्हणालो. पण माझ्या नावाखाली काही छापायचं म्हणजे ते तपासायला हवं. मी घरी आलो आणि फोटोसाठी डबी काढली. तिच्यात तळाला अजून दोन-तीन चमचे अख्खे दाणे होते. तू लागेल तेवढंच कुटायचीस, बाकीचं अख्खं ठेवायचीस. शेजारी त्याच्या नमुन्याची पुडी सोडली.

दोन्ही काळे, दोन्ही तीन कोनांचे. लांबून काही फरक नाही. मी नमुन्यातले दाणे तळहातावर चोळले, ओव्यासारखा, मिऱ्यासारखा वास आला. तुझे चोळले, काहीच नाही. जुने झाले, वास उडाला असेल, असं म्हणालो. एक दाणा चावला. नमुन्यातला जिभेला चावरा लागला, पहिल्या दिवशी मी थुंकलो होतो तीच चव. तुझा लाकडाच्या भुशासारखा. मग चावता चावता, अगदी लांबून, दुसऱ्या कुणाच्या तरी घरात फोडणी पडल्यासारखा, कांदा. मी दोन वाट्यांत दोन्ही भिजत घातले आणि सकाळी हुंगले. तुझ्या वाटीला कांद्याचाच वास. मग मला एक सकाळ आठवली. मी नऊ वर्षांचा असेन. गुळाची गोळी तोंडात आहे आणि मी म्हणतो, "माय, आज कडू लागत न्हाई." तू चुलीत लाकूड सारत होतीस. वर न बघता म्हणालीस, "सवय झाली तुझ्या जिभेला."

मी सुट्टी काढून लातूरला खालांकडे गेलो. त्या आता फार थकल्या आहेत, मुलाकडे असतात, डोळ्यांनी कमी दिसतं. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं. म्हणाल्या, "वो सांस वाला पोट्टा? इत्ता बडा हो गया?" मी विचारलं, तुम्ही माझ्या आईला कलौंजी किती दिली होती. त्या म्हणाल्या, "एकच मुठ्ठी दी थी रे बेटा. मेरे पासबी उत्तीच थी. बोली मैं, खतम हुए तो आ जा, कैसाबी करके मंगाती मैं. आईच नै तेरी मां. मैं समझी पोट्टा अच्छा हो गया." मी डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोन दाणे पुढच्या दातांनी फोडले आणि तोंड वाकडं केलं. "ये किन्ने दिया तेरेकू? कांदे का बी है ये." मी म्हणालो, घरात होतं. त्या म्हणाल्या, "बोने का चीज है बेटा. खाते नै इसकू."

परत येताना एसटीत मी हिशेब करत बसलो. तुला माहीत आहे, मला मोजल्याशिवाय राहवत नाही. नांदेडला आल्यावर ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर वजन करून पाहिलं. एक मूठ कलौंजी साधारण पंचेचाळीस ग्रॅम. एक चिमूट अर्धा ग्रॅम. म्हणजे खालांची मूठ तीन महिने पुरली असेल. आणि तू मला चिमूट दिलीस ती आठव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत, रोज, एक दिवस न चुकता.

मग ते गाडगं आठवलं. मातीतून निघालेल्या आपल्या तीन-चार वस्तूंतलं एक, तोंडाला फडकं बांधलेलं. बाबांनी आदल्या उन्हाळ्यात कांद्याचे गोंडे वाळवून, चोळून, पाखडून बी धरलं होतं. गणपती उठले की रोप टाकायचं होतं. गणपती उठले त्याच रात्री घर बसलं. गाडगं मात्र भिंतीच्या कोनाड्यात साबूत राहिलं. चुलते शेडात येऊन म्हणाले होते, मला आठवतं, "वहिनी, बी टाकू द्या वाफ्यात. कांद्याचं बी वर्सभर जगतंय, मग माती हाय ती." तू म्हणालीस, "राहू द्या." ते दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा तू उठून बाहेर गेलीस. शेत त्यांनी बटईनं केलं, आपण लातूरला आलो, तू खानावळीत पोळ्या लाटायला लागलीस, मागची खोली आपल्याला मिळाली. गाडगं खाटेखाली होतं. पुढं कधीतरी ते दिसेनासं झालं. मला वाटलं, फुटलं असेल.

खालांकडे पुन्हा का गेली नाहीस, हे मी स्वतःला विचारलं. उत्तर मला माहीत होतं. त्या हिवाळ्यात आपलं सगळंच मागून आणलेलं होतं, पातेली, घोंगड्या, अंगावरचं लुगडं, माझी चड्डी. रांगेतून परत आलीस की तू तळहात उघडून बघायचीस. एकदा म्हणालीस, "हात पसरून पसरून रेघा गेल्या माझ्या." मी खरंच तुझा हात धरून रेघा शोधल्या होत्या, आणि आहेत की, असं म्हणालो होतो. कलौंजी सरली त्या सकाळी मी खाटेवर बसलेलो असणार, खांदे वर करून, गोळीची वाट बघत. मागायला जायचं नव्हतं आणि मला रिकाम्या हातानं बघायचं नव्हतं. तू गाडग्याचं फडकं सोडलंस. बाबांचं बी, जे वर्षभरानं पेरूनही उगवणार नव्हतं, ते तू भाजलंस, कुटलंस आणि गुळात कालवलंस. डबीवरची चिठ्ठी तशीच ठेवलीस. ती मी लिहिली तेव्हा खरी होती.

मी बरा का झालो, हे मी इथल्या मुलांच्या डॉक्टरांना विचारलं, भाचीचे कागद घेऊन गेलो तेव्हा. ते म्हणाले, बऱ्याच मुलांचा दमा वाढत्या वयात हलका होतो. धूळ सुटली, पत्र्याखालची थंडी सुटली, तेही असेल. पण सगळ्यांचा होत नाही, आणि होईपर्यंत एखादा झटका मोठा येऊ शकतो, म्हणून औषध लागतं. मी ते ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढं तू होतीस. मला वाटायचं, माझ्या पोटात औषध गेलंय, आता उतार पडेल. खरंच थोडा पडायचा. तुला माहीत असायचं की पोटात काहीही गेलेलं नाही. मी श्वास ओढायचो आणि तू पाठीवरून हात फिरवत बसायचीस, ते एकटीनं माहीत असूनही. आठ वर्षं हे कुणाला सांगितलं नाहीस, आणि सांगणार तरी कुणाला होतीस.

आता खानावळीतल्या त्या सकाळचं. मी अकरावीत होतो. सायन्स घेतलं होतं आणि त्याचा मला फार माज होता. खानावळीत मेडिकलची तयारी करणारी मुलं जेवायला असत. त्यांच्या पंगतीत मला बसू देत, म्हणून मी हरखलेला. तू चमचा घेऊन आलीस, रोजच्यासारखी. त्यांच्यातला एक, बिलोलीकडचा, चष्म्याचा, म्हणाला, "काकू, हे काय देऊन राहिलेत ह्याला रोज?"

"कलौंजी हाय बाबा. ह्याचा दमा होता लई."

"आन् गेला?"

"गेला की."

"मग आम्ही उगंच रात्रंदिवस घोकून राहिलो काकू. डॉक्टर होण्यापरीस काळ्या बियांचा गाडा लावतो टेशनापुढं."

सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं. तो पोरगा पुढं तुझ्या तिरडीला खांदा द्यायला आला होता. पण मला लाज वाटली, आणि त्यांनी मला त्यांच्यातला समजावं म्हणून मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं बोललो. म्हणालो, "तिला काय कळतं, चौथी शिकलीय ती. याला शास्त्रीय आधार काय आहे, सांग ना माय. यात काय असतं ते तरी सांग." तू चमच्याकडं बघितलंस. मग चमच्यातलं परत डबीत टाकलंस, झाकण लावलंस, आणि पोळी करपायला लागली होती तिकडं गेलीस. दुसऱ्या दिवशी चमचा आला नाही. मी विचारलं नाही. पुढच्या पावसाळ्यात तू काविळीनं गेलीस. मी इतकी वर्षं हेच धरून बसलो होतो की तुला उत्तर येत नव्हतं आणि मी अडाणीपणावरून चारचौघांत तुझा पाणउतारा केला. आता कळतंय की उत्तर तुला येत होतं. तिथल्या सगळ्यांत तुला एकटीलाच ते येत होतं, आणि ते तू माझ्यासाठी गिळलंस.

त्या व्यापाऱ्याला मी पत्रक करून दिलं, पण माझा अनुभव काढला आणि 'मुळासकट' हा शब्दही काढला. खाली एक ओळ घातली, की हे अन्न आहे, डॉक्टरांचं औषध यासाठी बंद करू नये. तो वैतागला. म्हणाला, "तुम्ही टायपिंगवाले का डॉक्टर?" मी म्हणालो, टायपिंगवाला. त्यानं दुसरीकडून छापून घेतलं. माझ्या नावाशिवाय छापलं, एवढं पुरे.

राहिली छोटीची डबी. पंधरा दिवस मी ती टेबलावर ठेवून रोज बघत होतो. खरं सांगावं तर छोटीच्या हातून तू जाशील. तू गेलीस तेव्हा ती जेमतेम आठ-नऊ वर्षांची होती, तिच्याजवळ तुझं दुसरं काही नाही, फक्त 'माईनं दादाला बरं केलं' एवढीच गोष्ट आहे. सांगू नये तर त्या लेकराचा फवारा बंद होईल. परवा सकाळी मी बाबांचं बी एका कोऱ्या कागदाच्या पुडीत काढून ठेवलं. डबी पुसली. तिच्यात ताजी कलौंजी भरली. डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, भाजीत, पोळीवर टाकता तेवढी दिली तर हरकत नाही, पण फवारा एक दिवसही चुकवायचा नाही. मी ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं आणि मुदखेडला गेलो.

सासूबाईंसमोर तो कागद वाचून दाखवला. लेकराला फवारा कसा ओढायचा ते नळी लावून स्वतः करून दाखवलं, तीन वेळा. सासूबाई म्हणाल्या, "एवढं असतंय तर मग डबी कशाला आनलीस बाबा?" मी म्हणालो, "माईची पद्धत हाय. फवारा मारून झाला की मग चिमूटभर. आधी न्हाई. फवारा चुकला तर हेबी द्यायचं न्हाई." त्यांना ते पटलं. पद्धत म्हटली की माणसाला पटतं. छोटीनं डबी हातात घेतली, चिठ्ठीवरून बोट फिरवलं, झाकण उघडून हुंगलं आणि तिचे डोळे भरले. "हाच वास, दादा," म्हणाली. "माईच्या लुगड्याला यायचा." मी हो म्हणालो.

त्या लुगड्याला कांद्याचा वास यायचा ते मला माहीत आहे, माय, आणि तिला असं का वाटलं तेही कळतं. मी तिला सुधारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा चूक दिसली आणि मी ती तशीच जाऊ दिली.

हे मी छापखान्यातल्या वाया गेलेल्या प्रुफांच्या पाठीमागं लिहितो आहे. दोनदा तपासलं. बाबांच्या बियांच्या पुडीला गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवून देईन. आणखी कुठं द्यायचं मला सुचत नाही. एकच राहिलं. छोटीच्या हातून डबी घेऊन मी झाकण लावत होतो तेव्हा ते माझ्या हातून दोनदा निसटलं. खानावळीत त्या सकाळी तू झाकण लावलंस तेव्हा ते तुझ्याही हातून निसटलं होतं का, ते मी गेले दोन दिवस आठवतो आहे. आठवत नाही. मी तुझ्याकडं बघत नव्हतो. मी त्या मुलांकडं बघत होतो.